उंब्रजच्या घराण्याची वंशावळ कशी शोधावी?

सातारा जिल्ह्यातील उंब्रजच्या घराण्याचा शोध घरातल्या वडीलधाऱ्यांपासून सुरू करावा. मग जमिनीचे जुने फेरफार आणि जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या पाहाव्यात. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील, तर जाणकाराची मदत घ्यावी. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आणि घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांकडेही पिढ्या सापडतात. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे तीच नावे फिरून येतात. म्हणून वडिलांचे नाव व साल ताडून पाहावे. ‘उंब्रजकर’ आडनाव असल्यास मूळ आडनावही विचारावे.  आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर अनेकींचे पहिले नावही बदलले जाई. म्हणून आजी-पणजींची माहेरची नावे आजच लिहून ठेवा.