तबकडीला लागलेली कीड

गेल्या दिवाळीत आत्या आमच्याकडे आली होती. रात्रीची जेवणे झाल्यावर आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची डीव्हीडी लावायचे ठरले. हा समारंभ २००६ सालचा. मी तेव्हा जेमतेम वर्षाची होते आणि पुढे दोनच वर्षांनी आजोबा गेले. त्यामुळे त्यांचा आवाज मला आठवत नाही. मी तो ऐकला आहे तो या तबकडीवरच. समारंभाच्या अखेरीस आजोबा उठून दहा-बारा मिनिटे बोलले होते. गावची शाळा, मुंबईतील नोकरीचे दिवस, आजीची आठवण असे बरेच काही त्या बोलण्यात होते. आत्याला ऐकायचे होते तेवढेच.

तुला झाली, दिव्यांनी ओवाळून झाले. आजोबा खुर्चीचा हात धरून उठू लागले आणि पडद्यावरील चित्राचे चौकोनी तुकडे झाले. मग चित्र जागच्या जागी थिजले. बाबांनी तबकडी काढली, पुसली, पुन्हा लावली. पुन्हा त्याच ठिकाणी तेच. “अगं, दोन वर्षांपूर्वी तर छान लागली होती,” बाबा म्हणाले. तबकडीवर एकही ओरखडा नव्हता. मी ती दिव्यासमोर धरून पाहिली, तेव्हा बाहेरच्या कडेला फिकट तपकिरी, ढगाळ असा डाग दिसला. कापडाने तो पुसला जाईना, कारण तो वर नव्हताच. तो आत होता.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. परंतु न वापरता, न आपटता, कपाटात ठेवलेली वस्तू आतून कशी नासते, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून जमेल तेवढे वाचले, जाणकारांना विचारले. ते माझ्या मित्रमैत्रिणींना व गुरुजनांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, टीव्हीखालच्या खणात किंवा माळ्यावरच्या पेटीत, अशा तबकड्या असतीलच.

तबकडीच्या पोटात काय असते?

वरून पाहता ती प्लॅस्टिकची एक चकती वाटते. प्रत्यक्षात ते थरांचे पक्वान्न आहे. १९८२ साली बाजारात आलेली सीडी घ्या. तिची जाडी १.२ मिलिमीटर. त्यातील जवळजवळ सगळी जाडी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची. या प्लॅस्टिकच्या वरच्या अंगावर अतिसूक्ष्म खाचा असतात. त्या खाचांवर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, त्याच्यावर रोगणाचा पातळ थर आणि त्यावर छापलेले नाव. हा मुलामा एका मिलिमीटरच्या दहाहजाराव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही पातळ असतो.

यंत्रातील लेझरचा किरण खालून प्लॅस्टिकमधून आत शिरतो, मुलाम्यावर आपटून परततो, आणि खाच आली की त्या परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. या फरकांवरूनच यंत्र एक व शून्य हे आकडे ओळखते. चित्र काय, गाणे काय, सारे या दोन आकड्यांत लिहिलेले असते. म्हणजे तबकडी हा खरोखर एक आरसाच आहे, अक्षरे कोरलेला आरसा. आरशाचा पारा उडाला की त्यात तोंड दिसत नाही, तसेच मुलामा गेला की यंत्राला अक्षर दिसत नाही.

१९९६ साली प्रथम जपानात विक्रीस आलेल्या डीव्हीडीची रचना थोडी निराळी आहे. तिच्यात ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि मुलामा त्यांच्या मध्ये असतो. तिच्यावरील खाचांची रांग आतून बाहेर गोल गोल फिरत जाते आणि शेजारशेजारच्या दोन वळणांतील अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत साधारण नव्वद वळणे बसतात. एवढ्या बारीक अक्षरांत लिहिलेल्या पोथीवर सुईच्या टोकाएवढा डाग पडला तरी किती ओळी जातील, याची कल्पना करावी.

कीड कशी लागते?

आपल्या स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यावर हवेमुळे ऑक्साइडचा थर चढतो आणि तोच थर आतील धातूचे रक्षण करतो. तबकडीतील मुलामा मुळातच इतका पातळ की, त्याचे ऑक्साइड होऊ लागले तर रक्षण करायला मागे धातूच उरत नाही. आणि हे ऑक्साइड पारदर्शक असते. त्यावरून प्रकाश परतत नाही. सीडीवरील रोगणाला चीर गेली, किंवा डीव्हीडीच्या कडेचा चिकट जोड सैल झाला, की हवा व ओलावा आत शिरतात आणि हे काम सुरू होते. म्हणूनच कीड पुष्कळदा बाहेरच्या कडेकडून आत सरकते.

हा रोग नवा नाही. १९७८ साली अमेरिकेत घरी चित्रपट पाहण्यासाठी लेझरडिस्क नावाची ३० सेंटिमीटर व्यासाची तबकडी निघाली. ती अ‍ॅक्रिलिकची असे आणि अ‍ॅक्रिलिक ओलावा शोषून घेते. अशा कित्येक तबकड्यांमधील मुलामा गंजला आणि पडद्यावर पांढरे ठिपके भुरभुरू लागले. पुढे इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या काही सीडी कडेपासून तांबूस होत गेल्या. त्यांच्यावरील रोगण वेष्टनाच्या कागदातील गंधकापुढे टिकले नाही. कारखान्याने त्या तबकड्या अनेक वर्षे बदलून दिल्या. अगदी अलीकडे, २०२५ साली, वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने मान्य केले की, २००६ ते २००८ या काळात तयार झालेल्या तिच्या काही डीव्हीडी आता लागेनाशा झाल्या आहेत. आवडीने जमवलेल्या, डब्यातून क्वचितच बाहेर काढलेल्या तबकड्यांचीही यातून सुटका झाली नाही. दोष कारखान्यातून निघतानाच पोटात असेल तर घरची निगा काय करणार!

विकतची आणि घरची

इथवरचे वाचून कोणी म्हणेल, एक तबकडी गेली तर दुसरी आणू. विकतच्या चित्रपटाच्या बाबतीत हे बऱ्याच वेळा खरे आहे. परंतु आमच्या घरी बिघडली ती विकतची नव्हती. येथे एक भेद समजून घ्यायला हवा.

विकतच्या तबकडीवरील खाचा साच्यात दाबून काढलेल्या असतात. लग्ना-मुंजीच्या तबकड्यांवर खाचा नसतातच. त्यांच्यात एक सेंद्रिय रंगद्रव्य पसरलेले असते. चित्रण उतरवताना लेझर त्या रंगाला जागोजाग तापवून डाग पाडतो आणि वाचताना ते डागच खाचांचे काम करतात. आता रंग म्हटला की तो उडायचाच. उन्हात वाळत घातलेल्या साडीचा रंग जसा विटतो, तसाच उन्हाने आणि उष्णतेने हाही विटतो. शिवाय अशा तबकडीतील मुलामा बहुधा चांदीचा असतो, आणि देवघरातील चांदीची भांडी काळी का पडतात हे कोणत्याही गृहिणीला सांगायला नको.

म्हणजे गंमत अशी की, जी तबकडी बाजारात पुन्हा मिळू शकते ती जास्त टिकाऊ, आणि जगात जिची एकच प्रत आहे ती सर्वांत नाजूक. आमच्या घरी तर याच्या उलट वागणूक झाली होती. बाबांनी हौसेने घेतलेल्या नाटका-सिनेमांच्या व्हीसीडी डब्यांत नीट लावून ठेवलेल्या. आजोबांची डीव्हीडी मात्र फोटोंच्या अल्बममागच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पावसाळी भिंतीला टेकलेल्या कपाटात वीस वर्षे पडून होती. आमच्याकडे पावसाळ्यात चपलांनाही बुरशी येते! त्यात छायाचित्रकाराने वर आजोबांच्या फोटोचा गोल कागद चिकटवलेला. असा कागद ओलाव्याने आक्रसला की तबकडीला बाक येतो आणि फिरताना तिचा तोल जातो. यांपैकी नेमक्या कोणत्या कारणाने घात केला ते सांगता येणार नाही. बहुधा सर्वांनी मिळून केला.

बाबांच्या व्हीसीडीही पूर्ण वाचल्या नाहीत. एका व्हीसीडीवर सुमारे ७४ मिनिटांचेच चित्रण मावते, म्हणून एका चित्रपटाच्या दोन-तीन तबकड्या असत. त्यांचा क्रम चुकू नये म्हणून बाबांनी प्रत्येकीवर बॉलपेनने आकडे घातले होते. सीडीच्या जातीत मुलामा वरच्या बाजूला, केवळ रोगणाखाली असतो. खालच्या बाजूला ओरखडा पडला तर मध्ये मिलिमीटरभर प्लॅस्टिक आहे; वरून बॉलपेन दाबले तर ते थेट मुलाम्यावर बसते. आपण सारे खालची चकचकीत बाजू जपतो आणि नाजूक बाजूवर नाव लिहितो!

अचानक का बिघडते?

मला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न हा होता. दोन वर्षांपूर्वी स्वच्छ दिसणारे चित्र एकाएकी का गेले? जुन्या व्हिडिओ कॅसेटवर आधी रेघा येत, रंग फिकट होत, म्हणजे ती आजारी असल्याचे कळे. तबकडी असे काही सांगत नाही.

याचे कारण तिच्या गुणातच आहे. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६० साली चुका दुरुस्त करण्याची एक पद्धत मांडली. तबकडीवर मूळ आकड्यांच्या जोडीला या पद्धतीने काढलेले काही जादा आकडे लिहितात. वाण्याच्या वहीत आडव्या आणि उभ्या बेरजा मांडलेल्या असल्या, तर एखादा आकडा शाईच्या डागाखाली गेला तरी बेरजेवरून तो शोधून काढता येतो, तसेच हे. तबकडी चालू असताना यंत्र असे हजारो आकडे गुपचूप दुरुस्त करीत असते आणि आपल्याला पडद्यावर निर्दोष चित्र दिसते. पण डाग इतके वाढले की बेरजाही पुसल्या गेल्या, तर हिशेब थांबतो. आमच्या तबकडीत कीड वर्षानुवर्षे वाढत असणार. ज्या दिवशी ती मर्यादेपलीकडे गेली त्या दिवशी ती आम्हाला दिसली. आणि लिखाण आतून बाहेर जात असल्याने, कडेला असलेला समारंभाचा शेवट, म्हणजे आजोबांचे बोलणे, आधी गेले.

मग करावे काय?

तबकडी कडेला किंवा मधल्या भोकाला धरून उचलावी. ती डब्यात, उभी, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावी. वर कागद चिकटवू नये. नाव लिहायचेच तर पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या मऊ पेनाने लिहावे. पुसताना गोल न पुसता मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे. टूथपेस्ट चोळण्याचा घरगुती उपाय खालच्या ओरखड्यांवर झाला तर होतो, आतल्या किडीवर त्याचा काडीचाही उपयोग नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००३ साली काढलेल्या पुस्तिकेत दीर्घकाळ साठवणीसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. कोकणातल्या घरात हे कसे साधावे? तेव्हा निगा राखून आपण मृत्यू लांबवू शकतो, टाळू शकत नाही.

टाळण्याचा उपाय एकच, आणि तो म्हणजे नक्कल. तबकडी लागते आहे तोवरच तिच्यावरील चित्रण संगणकावर उतरवावे, त्याच्या दोन प्रती कराव्यात, एक दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे द्यावी आणि दर दोन-तीन वर्षांनी उघडून पाहावी. कारण संगणकाची हार्ड डिस्कही अमर नाही. घाई करण्याला आणखी एक कारण आहे. नव्या लॅपटॉपमध्ये तबकडी लावायची सोय बहुधा नसतेच. उद्या तबकडी धड राहिली तरी ती वाचणारे यंत्र कोठून आणणार?

इतिहासाच्या तासाला आपण साधनांचा अभ्यास करतो. ज्ञानेश्वरीची मूळ प्रत आज उपलब्ध नाही. ती आपल्यापर्यंत आली ती नकलांच्या वाटेने. त्या नकलांत शिरलेले अपपाठ काढून एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. कागद गेला, पण नकला करणारे हात होते म्हणून ग्रंथ राहिला. आपले काम तर त्या लेखनिकांहून किती सोपे! आकड्यांची नक्कल मुळाबरहुकूम होते, तीत अपपाठ शिरत नाही.

आमच्या तबकडीचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. तालुक्याच्या गावी एका स्टुडिओत जुन्या संगणकावर ती लावून पाहिली. एका यंत्राला न वाचता आलेले दुसऱ्याला कधी कधी वाचता येते. दिवसभर खटपट केल्यावर आजोबांच्या बोलण्यातील चारेक मिनिटे तुकड्यातुकड्यांनी हाती लागली. शाळेची हकीकत आली. आजीविषयी ते काय बोलले, ते गेले. मूळ चित्रणाच्या टेपवर छायाचित्रकाराने त्याच वर्षी दुसरे लग्न उतरवले होते. आत्या म्हणते, तिला ते शब्द साधारण आठवतात. ते मी तिच्याकडून वहीत लिहून घेतले आहेत.

तेव्हा मित्रहो, हा लेख वाचून झाल्यावर तुमच्या घरचा तो खण एकदा उघडा. विकतच्या तबकड्या बाजूला ठेवा. ज्या तबकडीवर कुणाच्या तरी हाताने नाव लिहिलेले आहे, ती आधी लावून पाहा आणि शेवटपर्यंत पाहा.