नदीवरून लटकत जाणारी गाडी

मुलांनो, रुळावरून धावणारी गाडी तुम्ही पाहिलीच आहे. पण रुळाला लटकत जाणारी गाडी? जर्मनीतल्या वुपरटाल शहरात १९०१ साली सुरू झालेली अशी मोनोरेल आजही धावते!

तिथलं खोरं अरुंद. मधोमध वुपर नदी, दोन्ही काठांना घरं नि कारखाने. नव्या गाडीला जागा कुठली? मग ऑयगेन लांगेन या अभियंत्याची कल्पना कामी आली. नदीवर लोखंडी खांब उभारले. जायला एक रूळ, यायला एक. चाकं डब्याच्या डोक्यावर अन् डबा खाली लोंबकळणारा! विजेवर चालणाऱ्या या गाडीचा मार्ग १३.३ किलोमीटरचा. त्यातला सुमारे १० किलोमीटर नदीवरून!

१९५० साली सर्कसवाल्यांनी जाहिरातीसाठी टुफी नावाचं हत्तीचं पिल्लू गाडीत चढवलं. ते बिथरलं नि थेट नदीत पडलं. नशीब, थोडंसंच खरचटलं!

१९९९ साली मात्र दुरुस्तीनंतर रुळावर राहून गेलेल्या लोखंडी तुकड्याला गाडी धडकली नि नदीत कोसळली. पाच माणसं दगावली. यंत्र कितीही पक्कं असो, काम संपल्यावर ‘काही राहिलं तर नाही ना?’ हे माणसानंच बघायचं असतं. खरं ना?