हाक वर ऐकू जाते का?

दिवाळीची साफसफाई हा आमच्या घरातला वार्षिक धरणीकंप असतो. माळ्यावरच्या वस्तू खाली येतात, खालच्या वर जातात आणि मधल्या मधेच नाहीशा होतात. २०१९ सालच्या अशाच एका धरणीकंपात मी आक्काची कापडी पिशवी रद्दीत घातली. जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात ती दडली होती. रद्दीवाल्याने सारे एकत्रच तोलले आणि मीही पैसे मोजून घेतले. त्या पिशवीत काय होते, हे कळायला चार वर्षे लागली.

आक्का माझी थोरली बहीण. २०११ साली तिच्या गळ्यातली गाठ कर्करोगाची निघाली. आमच्या शहरात तिची थायरॉइड ग्रंथी काढली आणि मागाहून मुंबईला नेऊन तिला किरणोत्सारी आयोडीन दिले. (थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, त्यामुळे हे औषध उरल्यासुरल्या पेशींपर्यंत पोचून त्यांचा नाश करते.) ते दिवस तिला एका खोलीत एकटीला काढावे लागले. "अरे, तुरुंगातल्या माणसाला निदान भेटायला तरी येतात!" असे ती पुढे हसत सांगे. मग जन्माची सोबत म्हणून सकाळी उपाशीपोटी एक गोळी. संसार पूर्ववत सुरू झाला.

२०२३ मध्ये नेहमीच्या तपासणीत रक्तातले थायरोग्लोब्युलिन थोडे वाढलेले दिसले. नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "गाठ केवढी होती? आयोडीन किती दिलं होतं? त्यानंतर हा आकडा किती होता?" आक्काने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले.

मुंबईहून आयोडीनचा आकडा महिनाभराने मिळाला. पण जिथे शस्त्रक्रिया झाली, तिथे "इतके जुने कागद आम्ही ठेवत नाही" असे उत्तर आले. मी संतापलो खरा. परंतु त्यांनी नियम मोडला असेही नव्हते. आंतररुग्णांचे कागद तीन वर्षे जपावेत, असे २००२ चा नियम सांगतो. विषमज्वराला ते पुरेल. थायरॉइडच्या कर्करोगाचे नेहमी आढळणारे प्रकार मात्र सावकाश चालणारे. रोगी बहुधा जगतो, पुष्कळ जगतो. आणि दुखणे कधी दहा, कधी वीस वर्षांनीही पुन्हा डोके वर काढते. तीन वर्षांच्या कागदाने त्याचा माग कसा काढावा?

आक्काच्या पुष्कळ तपासण्या नव्याने कराव्या लागल्या. माझा चेहरा पाहून बाई म्हणाल्या, "सर, पिशवीवर इतकं अवलंबून राहावं लागलं, हीच मुळात चूक आहे." त्या आपल्या विभागापुरती एक नोंदवही उघडण्याच्या खटपटीत होत्या. प्रत्येक थायरॉइड-रोग्याची, त्याच्या संमतीने, वर्षानुवर्षे चालणारी नोंद.

कर्करोगाची नोंदवही आपल्याकडे नवी नाही. डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत ती सुरू केली; सबंध शहराची अशी मोजदाद देशात तीच पहिली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम पुढे १९८१-८२ मध्ये आला. काम दिसते सोपे, पण रुग्णालयांतून फाइली चाळायच्या, महापालिकेतले मृत्यूचे दाखले तपासायचे आणि एकच माणूस दोनदा मोजला जात नाही ना, हे पाहायचे! बाई माहेरच्या नावाने तपासून घेते, सासरच्या नावाने दाखल होते, आणि इंग्रजीत 'दीक्षित' तीन तऱ्हांनी लिहिले जाते. शुद्धलेखनावरून वर्गात केलेली माझी डोकेफोड कुठे तरी सार्थ आहे, असे मला प्रथमच वाटले.

या नोंदवह्या रोगी किती आणि जगले किती, हे सांगतात. थायरॉइडमध्ये बहुतेक जगतात. तेव्हा उपचार नीट झाले की नाही, हे नुसत्या मृत्यूंच्या आकड्यांवरून कसे कळणार? कसे जगतात, ते विचारले पाहिजे. स्वरतंतू हलविणारी नस या ग्रंथीच्या अगदी मागून जाते. रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार चिमुकल्या ग्रंथीही तिथेच चिकटलेल्या. स्वीडन व शेजारच्या देशांतील शल्यवैद्यांनी २००४ पासून नोंदवहीत हेच लिहायला घेतले, आणि एक गोष्ट उघड झाली. जिथे शस्त्रक्रियेनंतर सर्वांचेच स्वरतंतू तपासत, तिथे नसेची इजा दुप्पट वेळा सापडे. तक्रार करील त्यालाच तपासायचे, या रीतीत निम्मी इजा नजरेआडच राहत होती.

बाईंनी प्रश्नावली मराठीत उतरविण्याचे काम माझ्यावर टाकले. मी झोकात लिहिले : 'आपल्या आवाजात काही बदल जाणवतो काय?' पहिली परीक्षा आक्काची. ती म्हणाली, "नाही."

मी चमकलो. भजनी मंडळात पहिला सूर लावणारी आक्का २०११ नंतर मागच्या रांगेत बसू लागली होती. कारण विचारले, तर म्हणे, "वय झालं रे, आता दुसऱ्यांना म्हणू दे." तेव्हा ती अवघी चाळीस वर्षांची होती!

मी ते वाक्य खोडून लिहिले : 'खालून हाक मारली, तर वरच्या मजल्यावर ऐकू जाते का?' आक्काने कागद बराच वेळ हातात धरला. मग हळूच म्हणाली, "भाजीवाल्याला थांबवायला मी मुलीला पाठवते."

'कॅल्शियमची कमतरता' हेही मग खोडले. तिथे 'ओठांभोवती, बोटांना मुंग्या येतात का?' असे घातले.

बाईंनी दुर्बीण घालून पाहिले. डावा स्वरतंतू हलत नव्हता. बारा वर्षांत कुणी पाहिलाच नव्हता. आम्ही घरच्यांनीही विचारले नव्हते. आता आवाजाचे व्यायाम चालू आहेत. रक्तातला तो आकडा सध्या स्थिर आहे, आणि दर सहा महिन्यांनी आक्काला बोलावणे येते.

नोंदवहीतले आपले पान तिने चष्मा लावून नीट वाचले आणि मला विचारले, "पिशवी कोणी घालवली, त्याला रकाना नाही का रे?"