हॅकिंटॉश : एका मावळत्या विद्येची हकीकत

ॲपल कंपनीने आपल्या संगणकांसाठी घडविलेली मॅकओएस ही कार्यप्रणाली त्याच कंपनीच्या यंत्रांवर चालावी, असा परवानापत्राचा स्पष्ट दंडक असताना, बाजारातून मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय सुटे आणून स्वहस्ते जुळविलेल्या डेस्कटॉपवर तीच प्रणाली चालवून दाखविणारी एक जगभर विखुरलेली मंडळी गेली वीस वर्षे अस्तित्वात आहे. अशा यंत्रास हॅकिंटॉश म्हणतात. ह्या उद्योगाकडे कोणी पैसे वाचविण्याची युक्ती म्हणून पाहतो, कोणी उघड चौर्यकर्म म्हणून. दोन्ही मतांत काही तथ्य असले तरी त्यातील मुख्य गोष्ट त्या मतांतून निसटते. बंद दाराआड लिहिलेली प्रणाली यंत्राला कोणकोणते प्रश्न विचारते, कोणत्या उत्तराने तिचे समाधान होते आणि कोणत्या उत्तराने ती जागच्या जागी थिजते, ह्याचे एक शास्त्रच ह्या मंडळींनी केवळ निरीक्षणाच्या बळावर उभे केले. टाहो ही मॅकओएसची इंटेल प्रोसेसरवर चालणारी शेवटची आवृत्ती होय, असे ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केले. त्यामुळे ह्या शास्त्राची मुदत भरत आली आहे, आणि ते विस्मरणात जाण्यापूर्वी त्याची हकीकत नोंदवून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

आरंभ ६ जून २००५ चा. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्झ ह्यांनी आपले संगणक पॉवरपीसी सोडून इंटेलच्या प्रोसेसरकडे वळणार असल्याची घोषणा केली, आणि मॅक ओएस टेनची प्रत्येक आवृत्ती गेली पाच वर्षे गुप्तपणे इंटेलसाठीही सिद्ध होत होती, हे त्याच सभेत उघड केले. ह्यात जाणकारांना फारसे नवल वाटण्याचे कारण नव्हते. कारण ह्या प्रणालीची पूर्वज जी नेक्स्टस्टेप, ती १९९३ सालीच इंटेलच्या साध्या यंत्रांवर चालू लागली होती. आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या सरावासाठी कंपनीने पेंटियम फोर प्रोसेसरची काही यंत्रे भाडेतत्त्वावर दिली, त्यांतील प्रणालीच्या प्रती थोड्याच काळात बाहेर फुटल्या आणि सामान्य पीसींवर चालविल्या जाऊ लागल्या. जानेवारी २००६ मध्ये पहिला इंटेल आयमॅक आला, त्यापुढे फाइंडर, डॉक आदी मोजके भाग सांकेतिक स्वरूपात येऊ लागले, आणि ते उलगडणाऱ्या घटकास कंपनीने ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ असे नावच देऊन ठेवले. आपल्या मनाई-हुकमाचे शब्द प्रणालीच्या एका फाइलीच्या नावातच लिहून ठेवण्याचा हा प्रकार संगणकाच्या इतिहासात विरळाच.

कायद्याची बाजू येथेच सांगून टाकतो. १९९५ ते १९९७ ह्या काळात पॉवर कम्प्युटिंग आदी कंपन्यांना मॅकच्या प्रतिकृती बनविण्याची रीतसर सनद होती. जॉब्झ परतल्यावर ती संपुष्टात आली. पुढे एप्रिल २००८ मध्ये फ्लॉरिडातील सायस्टार ह्या कंपनीने विनापरवाना मॅक ओएस घातलेली यंत्रे विकावयास काढली. ॲपलने जुलैमध्ये दावा लावला; नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायमूर्ती विल्यम ॲल्सप ह्यांनी सायस्टारविरुद्ध निर्णय दिला, पुढच्याच महिन्यात कायमची मनाई झाली, आणि सप्टेंबर २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल उचलून धरला. प्रणालीच्या प्रती आम्ही पैसे मोजून घेतल्या आहेत, हा सायस्टारचा बचाव टिकला नाही. कारण विकलेल्या यंत्रांवर गेली ती त्या प्रतींवरून फेरफार करून काढलेली नवी प्रत होती. हा निकाल मला योग्य वाटतो. स्वतःच्या टेबलावर अभ्यासासाठी केलेली जुळणीसुद्धा परवानापत्राच्या अटीत बसत नाहीच. मात्र तो अभ्यास आणि परक्याच्या श्रमावर मांडलेले दुकान ह्या दोहोंना एकाच तराजूत घालणे मला न्यायाचे वाटत नाही.

विद्येच्या दृष्टीने खरा पालट झाला तो २००८ च्या सुमारास. त्यापूर्वी प्रणालीचाच कर्नल बदलून, तिचे चालक खोडून अथवा नवे घुसडून तयार केलेल्या संमिश्र प्रती वापरात होत्या. कोणी काय बदलले ह्याची नोंद कोठेच नसे, आणि पुढचे अद्यतन आले की सारा डोलारा कोसळे. ॲपलने डार्विन ह्या नावाने मुक्त केलेल्या बूट-१३२ ह्या आरंभकावरून (बूटलोडरवरून) बेतलेल्या नव्या आरंभकाने प्रथमच अशी सोय केली की, प्रणाली मूळ तबकडीवरून जशीच्या तशी घ्यावी आणि जी काही मखलाशी करावयाची ती प्रणाली जागी होण्यापूर्वी, स्मृतीतच, करावी. कमेलियन, त्यानंतर क्लोव्हर, आणि २०१९ पासून ओपनकोअर ही ह्याच विचाराची क्रमाने अधिक शुद्ध होत गेलेली रूपे होत. प्रणाली दुरुस्त करावयाची नसून यंत्राचे वर्णन दुरुस्त करावयाचे आहे, हे एकदा ध्यानात आले की जुळणी आणि दोषशोधन ही दोन वेगळी कामे राहत नाहीत. वर्णन आणि वस्तू ह्यांत फरक कोठे पडला, एवढेच दोहोंत पाहावयाचे असते.

हे वर्णन असते कोठे? १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा ह्यांनी एसीपीआय हे विनिर्देशपत्र प्रसिद्ध केले. तदनुसार बोर्डावर कोणती उपकरणे आहेत, त्यांची नावे काय, ती निजवावी कशी आणि जागवावी कशी, हे सारे बोर्डाचा निर्माता फर्मवेअरमधील कोष्टकांत लिहून ठेवतो. मुख्य कोष्टक डीएसडीटी आणि पुरवण्या त्या एसएसडीटी. तलाठ्याच्या दप्तरी नोंद चुकली की शेत जागच्या जागी असूनही शेतकऱ्याचे काम अडून राहते, तशीच गत येथे होते. बोर्डाचे निर्माते ही कोष्टके विंडोजला डोळ्यांपुढे ठेवून लिहितात; त्यांतील ढिसाळपणा विंडोज पोटात घालते, मॅकओएस घालत नाही.

घड्याळाचेच उदाहरण घ्या. इंटेलच्या ३०० मालिकेतील अनेक बोर्डांच्या कोष्टकात दोन घड्याळांची नोंद असते, एक जुने आरटीसी व दुसरे नवे एडब्ल्यूएसी, आणि कोणते दाखवावयाचे हे एस-टी-ए-एस नावाच्या एका चलावर ठरते. मॅकओएसला नवे घड्याळ उमगत नाही. जुने दिसले नाही की आरंभ अर्ध्यावर थांबतो, आणि पडद्यावर घड्याळाचा उल्लेखही नसतो. उपाय एवढाच की, त्या चलाचे मूल्य एक करणारी चार ओळींची पुरवणी द्यावयाची. मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीपासून ईसी नावाचे उपकरण कोष्टकात सापडलेच पाहिजे अशी प्रणालीची अट आली. बोर्डावरचे खरे उपकरण बहुधा दुसऱ्या नावाने नोंदलेले असते, आणि तेच नाव बदलून पुढे केल्यास ॲपलचा चालक त्याच्याशी भलताच व्यवहार करू लागतो, म्हणून खऱ्यास हात न लावता केवळ नावापुरते एक ईसी उभे करावे लागते. झेड-३९० चिपसेटच्या बोर्डांवर एनव्हीरॅममध्ये लिहिलेले काहीच टिकत नाही, कारण पीएमसी ह्या उपकरणाची नोंदच कोष्टकात नसते. ती घातली की टिकू लागते. अशा प्रत्येक पुरवणीस ‘विचारणारी प्रणाली डार्विन, म्हणजे मॅकओएस, असेल तरच’ अशी अट अवश्य घालावी, कारण ओपनकोअरमधून सुरू केलेल्या विंडोजलाही त्याच पुरवण्या मिळतात, आणि ही अट विसरल्यामुळे आपली विंडोज बिघडली असे समजून ती पुन्हा बसवीत बसणारे लोक थोडेथोडके नाहीत.

कोष्टकांइतकीच महत्त्वाची बायोसमधील मांडणी. सिक्युअर बूट आणि सीएसएम बंद, एक्सएचसीआय हँड-ऑफ आणि अबव्ह फोर-जी डिकोडिंग चालू, साटा एएचसीआयवर, ही तयारी सर्वांस ठाऊक असते. सीएफजी लॉकचे प्रकरण मात्र समजून घेण्याजोगे आहे. प्रोसेसरच्या शक्तिनियोजनासाठी मॅकओएस इ-२ क्रमांकाच्या नोंदवहीत स्वतः लिहू पाहते. बहुतेक फर्मवेअर तिला आधीच कुलूप घालून ठेवतात, आणि कुलूपबंद जागी लिहिण्याचा यत्न होताच कर्नल पॅनिक येते. कर्नलला लिहिण्यापासून परावृत्त करणारी तोड ओपनकोअरमध्ये आहे खरी. परंतु बायोसमध्ये कुलूप काढण्याची सोय असेल तर तीच पत्करावी, असे माझे मत आहे. जेथे वस्तुस्थितीच बदलता येते तेथे वर्णनात असत्य कशासाठी घालावे?

दोष शोधताना पहिला नियम म्हणजे सफरचंदाचे चिन्ह दूर करून व्हर्बोस रीतीने आरंभ करणे, त्यासोबत पॅनिकनंतर यंत्र आपोआप पुन्हा सुरू होऊ नये आणि दोषस्थळांची नावे वाचता यावीत असे दोन आदेश देणे, आणि ओपनकोअरची डीबग आवृत्ती वापरून तिची रोजनिशी ईएफआय विभागात उतरवून घेणे. पडद्यावर थिजलेली शेवटची ओळ हीच दोषाची जागा, असा नवख्याचा समज असतो, आणि त्यापायी फार काळ वाया जातो. ती ओळ जे पार पडले त्याची पावती असते. जे यावयास हवे होते आणि आले नाही, ते शोधावयाचे असते. ‘एक्झिट बीएस स्टार्ट’ ह्या अर्थाच्या ओळीवर सारे थांबले तर फर्मवेअरकडून कर्नलकडे अंमल सोपविण्याचा तो क्षण असतो, आणि दोष बहुधा स्मृतीच्या नकाशात, म्हणजे ओपनकोअरच्या कॉन्फिग फाइलीतील बूटर विभागात, असतो. ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ आले तर कर्नल जागा आहे, पण ज्या पेनड्राइव्हवरून वा डिस्कवरून तो आला तीच त्याला आता दिसेनाशी झाली आहे.

पेनड्राइव्ह दिसेनासा होण्याचे कारण हा ह्या विद्येतील सर्वांत सुरस भाग आहे. एल कॅपिटनपासून मॅकओएस एका यूएसबी नियंत्रकावर पंधराच पोर्ट मानते. झेड-३९० च्या नियंत्रकाच्या कोष्टकात सव्वीस नोंदलेले असतात. शिवाय निळ्या रंगाचे एक यूएसबी-३ छिद्र म्हणजे नियंत्रकाच्या लेखी दोन पोर्ट, एक जुन्या गतीचा आणि एक नव्या. त्यामुळे अर्धी छिद्रे मुकी राहतात, आणि नेमकी कोणती, हे कोष्टकातील क्रमावर ठरते. ही मर्यादा उठविणारी तोड पूर्वी चाले. बिग सरच्या ११.३ पासून ती मोडली. तेव्हा प्रत्येक छिद्रात आधी जुनी व मग नवी यूएसबी वस्तू घालून कोणते छिद्र कोणत्या नावाने बोलते ते टिपणे, पंधरा निवडणे, आणि प्रत्येकाचा प्रकार अचूक लिहिणे, हाच राजमार्ग. ब्लूटूथ कार्ड ज्या आतल्या पोर्टवर असते त्याचा प्रकार २५५, म्हणजे अंतर्गत, असा लिहावा लागतो. तो चुकला की एक विलक्षण विकार जडतो: यंत्र झोपेच्या आज्ञेनंतर क्षणभर निजते आणि लगेच जागे होते, अथवा निजतच नाही. निद्रेच्या तक्रारी घेऊन लोक ग्राफिक्स कार्ड बदलतात, रॅम तपासतात. मॅकओएसच्या पीएमसेट ह्या आदेशाने मिळणारी नोंद वाचली तर जागे होण्याचे कारण म्हणून तेथे यूएसबी नियंत्रकाचेच नाव स्पष्ट लिहिलेले बहुधा आढळते. ज्या हॅकिंटॉशला नीट झोप येते त्याची जुळणी नीट झाली, अशी माझी कसोटी आहे.

ग्राफिक्सविषयी विस्ताराचे कारण नाही, कारण तेथे कौशल्यापेक्षा खरेदीच निर्णायक ठरते. २०१८ च्या मोहाव्हीपासून एनव्हिडियाच्या मॅक्सवेल व त्यापुढील कार्डांना चालक मिळाला नाही, तो आजतागायत. एएमडीचे आरएक्स ५८० घालावे आणि स्वस्थ असावे. नावी पिढीच्या कार्डांवर पडदा काळा पडला तर बूट-आदेशांत ‘एजीडीपीमॉड’ला ‘पिकेरा’ हे मूल्य द्यावे. ध्वनीसाठी ॲपलएएलसी हा केक्स्ट आणि कोडेकला जुळणारा लेआउट क्रमांक लागतो. लॅमिंग्टन रोडवरून एकाच नावाचे दोन बोर्ड आणले तरी रिव्हिजन निराळी असल्यास कोडेकही निराळा निघू शकतो, म्हणून खोक्यावरील छापील मजकुरापेक्षा चिपवरील अक्षरे वाचावीत.

ह्याच कारणास्तव दुसऱ्याचा तयार ईएफआय फोल्डर उचलून आपल्या यंत्रावर बसविण्याच्या प्रघाताला माझा सक्त विरोध आहे. तो चालला तरी का चालला हे कळत नाही, आणि बंद पडला म्हणजे कोठे पाहावे हेही कळत नाही. त्यात आणखी एक गंभीर बाब आहे. अशा फोल्डरात यंत्राचा अनुक्रमांक, बोर्डक्रमांक व युनिक ओळख हीही असतात. तीच ओळख अनेकांनी वापरली की आयमेसेज आणि फेसटाइमची दारे बंद होतात, आणि तो क्रमांक एखाद्या खऱ्या मॅकच्या मालकाचा असल्यास त्रास त्या निरपराध माणसास होतो. क्रमांक स्वतः निर्माण करावा, आणि तो कोणत्याही विकल्या गेलेल्या यंत्राचा नाही ह्याची खातरजमा करून मगच वापरावा.

नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ प्रोसेसरची यंत्रे आली तेव्हाच ह्या विद्येचे भवितव्य ठरले. जून २०२३ मध्ये मॅक प्रोही ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर गेला आणि कंपनीच्या विक्रीत इंटेलचे एकही यंत्र उरले नाही. सोनोमात जुन्या ब्रॉडकॉम वायफाय कार्डांचे चालक गेले. टाहोत ॲपलएचडीए हा ध्वनिचालकच काढून टाकला गेला. टाहो ज्या मोजक्या इंटेल मॅकवर चालते त्यांचा ध्वनी टी-२ चिपमधून जात असल्याने कंपनीला त्याची गरज राहिली नव्हती. आता जुना चालक परत बसवावयाचा तर बिग सरपासून मोहोरबंद केलेल्या प्रणालीखंडाची मोहोर फोडावी लागते, म्हणजे २००८ पूर्वीच्या त्याच फेरफाराच्या मार्गावर पुन्हा पाऊल ठेवावे लागते. तसे करण्यापेक्षा एखादे स्वस्त यूएसबी ध्वनिउपकरण लावावे, अथवा यंत्र सेक्वोयावरच ठेवावे. मी सेक्वोयावर ठेवले आहे, आणि त्याची कोष्टके, पुरवण्या, पोर्टांचा नकाशा व प्रत्येक फेरफाराचे कारण लिहिलेली टिपणे त्याच ईएफआय विभागात शेजारी जपून ठेवली आहेत.