संततिनियमन : कोणतें साधन काय करतें

काटोल-नरखेडकडील बागाईतदार संत्र्याच्या एकाच झाडावर एका वर्षांत दोन्ही बहार धरीत नाहीं. आंबिया धरावयाचा तर तो मृग सोडतो. मृग धरावयाचा तर उन्हाळ्यांत पाणी तोडून झाडास ताण देतो. दोन्ही बहारांचा भार पडल्यास झाड खचतें, हें त्यास शिकवावें लागत नाहीं. परंतु त्याच्याच घरीं अंगावर पिणारें मूल असतां पुन्हा दिवस राहिले, तर तो प्रकार मात्र तो दैवावर सोडतो. जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें असें आहे कीं, एका बाळंतपणानंतर निदान दोन वर्षें तरी दुसरी गर्भधारणा होऊं नये. माता व मूल या दोघांच्याही प्रकृतीस तें हितावह असतें. हें अंतर राखण्याचे उपाय कोणते व ते कसे चालतात, याची माहिती आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

महाराष्ट्रास हा विषय नवा नाहीं. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून लोकनिंदा व खटले सोसले. १९३५ च्या डिसेंबरांत अमेरिकेतील मार्गारेट सँगर या बाई आपल्या नागपुराशेजारीं वर्ध्यास येऊन महात्मा गांधींस भेटल्या. बाईंचा भर साधनांवर होता व महात्माजींचा संयमावर. दोघांचें एकमत झालें नाहीं. १९३८ सालीं डॉ. आंबेडकरांच्या पक्षानें मुंबईच्या विधिमंडळांत हा प्रश्न मांडला, तो फेटाळला गेला. पुढें १९५२ सालीं भारत सरकारनें राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून तो हातीं घेतला. मत कोणतेंही असो, माहिती खरी असावी, एवढाच आमचा आग्रह आहे.

प्रथम गर्भ राहतो कसा, तें पाहूं. स्त्रीच्या अंडाशयांतून दर महिन्यास बहुधा एक बीज सुटतें, तें पुढील पाळीपूर्वीं सुमारें १४ दिवस. हें बीज जेमतेम एक दिवस जगतें. पुरुषाचे शुक्रजंतु मात्र स्त्रीच्या शरीरांत पांच दिवसांपर्यंत टिकूं शकतात. दोहोंची भेट गर्भनळींत होते व फळलेलें बीज आठवडाभरानें गर्भाशयाच्या अस्तरांत रुजतें. बीज सुटणें, भेट होणें व रुजणें अशा या तीन पायऱ्या होत. प्रत्येक साधन यांपैकीं कोठें ना कोठें अडसर घालतें.

बीज सुटूं न देणारें साधन म्हणजे रोज घ्यावयाच्या गोळ्या. ‘माला-एन्’ या गोळ्या सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. त्या नियमानें घ्याव्या लागतात. रक्तदाब असलेल्या, तंबाखू ओढणाऱ्या किंवा सहा महिन्यांआंतील मुलास पाजणाऱ्या स्त्रीनें डॉक्टरांस विचारल्यावांचून त्या घेऊं नयेत. ‘अंतरा’ हें तीन महिन्यांनीं घ्यावयाचें इंजेक्शनही हेंच काम करतें. तें थांबविल्यावर पुन्हा दिवस राहण्यास कांहीं महिने अधिक लागतात. ‘छाया’ ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनें शोधिली. ती मुख्यतः गर्भाशयाचें अस्तर रुजण्यास अयोग्य करते. पहिले तीन महिने ती आठवड्यास दोनदां व पुढें एकदां घेतात, आणि पाजणाऱ्या मातेसही ती चालते.

भेट होऊं न देणारीं साधनें म्हणजे निरोध व तांबी. निरोध रबरी पिशवीप्रमाणें वीर्य अडवितो, आणि गुप्तरोगांपासूनही बचाव करतो. हा दुसरा गुण येथील अन्य कोणत्याही साधनांत नाहीं. तांबी गर्भाशयांत बसवितात. तिच्यांतून झिरपणाऱ्या तांब्यामुळें शुक्रजंतु निकामी होतात. प्रकाराप्रमाणें ती पांच किंवा दहा वर्षें चालते व काढल्यावर पुन्हा मूल होऊं शकतें. पाळीचे दिवस मोजून संग टाळण्याची रीत अनेकांस ठाऊक असते. परंतु पाळी मागेंपुढें होणाऱ्या स्त्रीच्या बाबतींत ती सहज फसते. मूल पाजीत असतां दिवस राहत नाहींत, ही समजूतही अर्धीच खरी आहे. मूल सहा महिन्यांआंतील असणें, त्यास अंगावरच्या दुधावांचून दुसरें कांहीं न देणें व पाळी सुरू झालेली नसणें, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तिचा भरंवसा धरावा.

साधनांची पारखही सांगतों. कांहींच न वापरणाऱ्या १०० जोडप्यांपैकीं वर्षांत सुमारें ८५ जणांकडे गर्भ राहतो. निरोध सर्वसाधारणपणें वापरल्यास १३, गोळ्यांनीं ७, व तांबीनें एकाहूनही कमी.

कुटुंब पुरें झाल्यावर कायमचा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. स्त्रीच्या गर्भनळ्या बंद करतात, किंवा पुरुषाची नसबंदी करतात. येथेंच आमच्या कास्तकार बंधूंच्या मनांत एक भय असतें. गोऱ्हा खच्ची केला म्हणजे त्याचा माज जातो, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. नसबंदी म्हणजे तेंच, असें त्यांस वाटतें. दोहोंतील भेद नीट पाहावा. गोऱ्ह्याच्या वृषणांकडे जाणारी दोरी चिमट्यानें चेपतात, तेव्हां शुक्रवाहिनीबरोबर रक्तवाहिन्याही चेपल्या जातात. रक्तावांचून वृषण सुकतात व पुरुषत्व टिकविणारा रस आटतो. नसबंदींत वृषणांस व त्यांच्या रक्तवाहिन्यांस धक्का लावीत नाहींत. जागा बधिर करून एका लहान छिद्रांतून दोन शुक्रवाहिन्या तेवढ्या कापून बांधतात. रस पूर्वींप्रमाणेंच रक्तांत मिसळतो. इच्छा, शक्ति व मेहनत करण्याची ताकद यांत उणें येत नाहीं. वीर्यही येतें, फक्त त्यांत शुक्रजंतु नसतात.

बिनटाक्याची ही नसबंदी कांहीं मिनिटांची असते. दोन दिवस विश्रांति घ्यावी, आणि नांगर-वखराचें जड काम आठवडाभर टाळावें. मात्र पुढें तीन महिने निरोध वापरून नंतर वीर्य तपासून घ्यावें, कारण आधींचे शुक्रजंतु वाटेंत शिल्लक असतात. स्त्रीची शस्त्रक्रिया पोट उघडून किंवा दुर्बिणीनें करावी लागते. ती सुरक्षित आहे, परंतु पुरुषाच्या शस्त्रक्रियेहून मोठी आहे.

असें असतां २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणींत काय दिसलें? देशांतील विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा ३७.९ जणींनीं स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. नवऱ्याची नसबंदी झालेल्या शेंकडा ०.३ मात्र. १९७६ सालीं आणीबाणींत बळजबरीनें झालेल्या नसबंद्यांनीं या शस्त्रक्रियेचें नांव खराब केलें, हें खरें. बळजबरी निंद्यच होती. परंतु तो दोष सक्तीचा होता, शस्त्रक्रियेचा नव्हे. बाळंतपणें जिनें सोसलीं तिनेंच मोठी शस्त्रक्रियाही सोसावी, आणि लहान शस्त्रक्रिया ज्यास करून घेतां येते त्यानें खच्चीकरणाच्या खोट्या भयानें मागें सरावें, हें न्यायाचें नाहीं.

आमची सूचना एवढीच आहे कीं, घरांत हा विषय निघेल तेव्हां पतिपत्नींनीं दोघांनीं मिळून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, अथवा नागपुरास मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयांत जाऊन चौकशी करावी. पाळणा लांबवावयाचा असेल तर वर सांगितलेल्या साधनांतून प्रकृतीस मानवेल तें निवडावें. मुलें पुरीं झालीं असतील, तर नसबंदी कायमची आहे हें समजून दोघांच्या विचारानें निर्णय करावा. गहू-हरभरा घरीं आल्यावर आणि पेरणीची धांदल सुरू होण्यापूर्वीं जो सवडीचा काळ मिळतो, त्यांतील एक आठवडा या कामास पुरेसा आहे.