बसलेला आवाज

आम्ही छत्तीस वर्षे शाळेत शिकवले. एका खोलीत दोन वर्ग. वर पत्रा. पाऊस लागला की ओरडूनच शिकवायचे. पुढे पुढे आमचा आवाज बसू लागला. सकाळी जरा फुटायचा, दुपारी फाटायचा. हळद-दूध झाले, ज्येष्ठमध झाला. आवाज काही सुटेना.

आवाज गेला म्हणजे काय जाते, ते तेव्हा कळले. एस.टी.त गावाचे नाव तीनदा सांगावे लागे. ग्रामसभेत आम्ही गप्प बसू लागलो. फोन वाजला की तो मुलाच्या हातात द्यायचा. एके दिवशी नातू म्हणाला, "आबा, माझ्यावर रागावलात का? बोलत का नाही?"

मग आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बारीक नळीतून गळा पाहिला. आपल्या गळ्यात स्वरयंत्र असते. त्यात दोन नाजूक पडदे असतात. बोलताना छातीतल्या हवेने ते एकमेकांना भिडतात नि सुटतात. पुरुषाचे सेकंदाला शंभराच्या वर वेळा, बाईमाणसाचे दोनशेच्या आसपास! नांगराच्या मुठीने हाताला घट्टे पडतात ना? तसे ओरडून ओरडून या पडद्यांना पडतात. आमचे तेच झाले होते.

डॉक्टरांनी सुरी लावली नाही. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंकडे धाडले. ताईंनी आधी 30 प्रश्न विचारले. हा कागद 1997 साली अमेरिकेत तयार झाला. लोकांना तुमचे बोलणे ऐकू येते का? चारचौघांत जायचे टाळता का? असे ते प्रश्न. एकेका उत्तराला 0 ते 4 गुण, सगळे मिळून 120. गुण जास्त, तर त्रास जास्त. आम्हांला 71 पडले. इतके गुण मिळून वाईट वाटण्याची ही पहिलीच वेळ!

मग शिकवणी सुरू झाली. पोटातून श्वास घ्यायचा. थोडे बोलून थांबायचे. पाणी भरपूर प्यायचे. सारखे खाकरायचे नाही. आम्ही आवाजाला आराम म्हणून कुजबुजत होतो, तर ताई म्हणाल्या, "गुरुजी, त्यानंही ताण पडतो बरं का." लांबच्या माणसाला हाक मारायची नाही, टाळी वाजवायची. घरी सगळे हसले. पण आम्ही नेटाने केले.

तीन महिन्यांनी तोच कागद पुन्हा भरला. गुण 26. भजनात वरची पट्टी अजून लागत नाही, ती आता लागेल असे वाटतही नाही. पण ग्रामसभेत नळाच्या पाण्याबद्दल आम्ही बोललो, नि मागच्या बायांपर्यंत ते पोचले. नातवाला रोज रात्री गोष्ट सांगतो.

मात्र बसलेला प्रत्येक आवाज घट्ट्यांचा नसतो. तीन-चार आठवड्यांत तो सुटला नाही, तर गळा दाखवलाच पाहिजे. विडी-तंबाखूवाल्याने तर नक्कीच. स्वरयंत्राच्या कर्करोगाची सुरुवात अशीच होऊ शकते, आणि लवकर सापडला तर तो बहुतेकदा बरा होतो. शेजारचे अण्णा विडी ओढतात. त्यांचा आवाज दोन महिने घोगरा आहे. ते म्हणतात, "सुगी झाल्यावर बघू." आम्ही ऐकलेले नाही. सोमवारी पहिल्या गाडीने त्यांना घेऊन जाणार आहोत.