पुराचा इशारा कोणासाठी?

कृष्णेचे पाणी चढू लागले की दोन आकडे सर्वत्र सांगितले जातात. कोयनेतून किती क्युसेक पाणी सोडले आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पातळी किती फूट झाली. तेथे ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोक्याची. सांगलीकरांना या आकड्यांचा अर्थ कळतो. किती फुटांना कोणत्या गल्लीत पाणी शिरते, हे त्यांना पाठ असते. काठावरच्या लहान गावातील शेतकऱ्याने मात्र त्यावरून काय ओळखावे?

त्याच्यापाशी स्वतःचे एक माप होते : २००५ सालच्या पुराची भिंतीवरील खूण. २०१९ साली आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेले आणि ते माप खोटे ठरले. कृष्णा-येरळेच्या संगमावरील ब्रह्मनाळला पाण्याने वेढले. ८ ऑगस्टला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि कित्येकांचा बळी गेला.

‘या लोकांनी आधीच गाव का सोडले नाही?’ असे शहरात सहज विचारले जाते. परंतु गाव सोडणे फुकट होत नाही. दावणीच्या म्हशी कोठे बांधायच्या, वैरण कोण देणार, बुडालेली मजुरी कोण भरून देणार? आणि एवढे करून पाणी आलेच नाही, तर पुढच्या इशाऱ्याकडे तो पाठ फिरवील. यात अडाणीपणा कसला? हा साधा जमाखर्च आहे. या हिशेबातून एकच गोष्ट निसटते. पाणी उंबऱ्याशी येण्याच्या कितीतरी आधी ओढ्याला फुगवटा येतो व गावाचा रस्ता तुटतो. एरवी शहरापासून तासाभरावर असलेले गाव त्या क्षणी दुर्गम होते.

तेव्हा गावाला सांगायचे ते रस्ता केव्हा बंद होईल हे. घाटाच्या कितव्या पायरीला पाणी लागले म्हणजे ओढ्यावरचा पूल बुडायला किती अवधी उरतो, हे गावातच कोणाला तरी ठाऊक असते. नावाड्याला असते, नदीकाठच्या मोटारी दर पावसाळ्यात काढून आणणाऱ्या शेतकऱ्यांना असते. ते विचारून पायऱ्यांवर व पुलाच्या कठड्यावर रंगाने खुणा कराव्यात. याला रंगाचा एक डबा पुरे. अडते ते आमच्या खात्यांना गावकऱ्यांकडून शिकण्याची सवय नाही म्हणून. जनावरांच्या छावणीची जागा आणि वैरणीची तरतूद मात्र सरकारनेच करावयास हवी, आणि तीही १ मेच्या ग्रामसभेत जाहीर करून, पहिला पाऊस पडण्यापूर्वी.